शाळेतला बीबीसी मायक्रो: प्लग लावण्याआधी

परभणीच्या शाळेच्या अडगळीत बीबीसी मायक्रो हा १९८०च्या दशकातला ब्रिटिश संगणक सापडला, चालू करून बघू का, असं विचारलंय तुम्ही. थांबा, लगेच प्लग लावू नका! १९८४ च्या 'क्लास' या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात अशी यंत्रं भारतातल्या शाळांत आली. असं एखादं शिल्लक असणं म्हणजे ठेवाच आहे, जपा.

आधी पॉवर सप्लाय उघडा. आतले दोन पिवळट एक्स-२ कपॅसिटर, म्हणजे थेट घरगुती विजेवर जोडायचे सुरक्षित प्रकारचे कपॅसिटर (०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरड), बघा. वरच्या आवरणाला केसासारख्या चिरा दिसतील. त्यातून ओल शिरते आणि वीज लागताच काही मिनिटांत उग्र वासाचा धूर निघतो. दोन्ही बदलाच, नवे २७५ व्होल्टचे, एक्स-२ खुणेचेच घ्या. एकदा वीज लागली की मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो, मीटरने मोजल्याशिवाय बोट लावू नका.

मग बोर्ड जोडण्याआधी ५ व्होल्ट नीट येतात का पाहा.

चालू केल्यावर 'बूऽऽ-बीप' वाजलं तर जिंकलात. नुसतं 'बूऽऽ' वाजतच राहिलं तर प्रोसेसर चालत नाहीये. पण घाबरू नका, सॉकेटमधल्या आयसी (चिप) काढून, पाय पुसून परत बसवा. आपल्याकडच्या धुळीत बऱ्याचदा दुखणं तिथंच असतं.