एसएसआर मार्कर वापरून दुष्काळ सोसणारी पाइनची झाडं ओळखता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी उत्तराखंडात वेगवेगळ्या उंचीवरच्या चिडाच्या (तिथल्या पाइनच्या) जंगलांतून सुया आणायच्या, दहा-बारा एसएसआर मार्कर (डीएनएवरच्या ओळखखुणा) लावायचे आणि दुष्काळाशी जुळवून घेतलेली झाडं कोणती ते सांगायचं. जमेल का?

या रूपात नाही जमणार. मी वनवृक्षांच्या जनुकशास्त्रातच काम करते आणि अशी आखणी परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळताना पाहिली आहे, म्हणून आधीच स्पष्ट सांगते. मात्र का जमणार नाही हे नीट कळलं, तर याच सामग्रीतून बरा प्रकल्प उभा राहू शकतो.

एसएसआर म्हणजे डीएनएवरची अशी जागा जिथे दोन-तीन अक्षरांचा तोच तुकडा सलग पुन्हा पुन्हा येतो. एका झाडात बारा वेळा, दुसऱ्यात पंधरा वेळा. हा आकडा पिढ्यांगणिक भराभर बदलतो आणि झाडाच्या तब्येतीशी त्याचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. म्हणूनच नातीगोती आणि मूळ ठिकाण शोधायला तो उत्तम. आडनावावरून माणसाचं गाव कळतं, तो पट्टीचा पोहणारा आहे का ते कळत नाही, तसंच हे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या लाँद प्रदेशातलं. तिथलं मॅरिटाइम पाइनचं अफाट जंगल बहुतांशी माणसानं लावलेलं आहे. १९४० च्या दशकातल्या वणव्यांत त्याचा मोठा भाग जळाला, स्थानिक बी पुरेना, तेव्हा स्पेन-पोर्तुगालकडचं बी आणून पेरलं गेलं. झाडं दिसायला सारखीच, वाढायलाही झकास. मग जानेवारी १९८५ मध्ये कडाक्याची थंडी पडली आणि या बाहेरच्या बियाण्याच्या सुमारे ३० हजार हेक्टर लागवडी गेल्या. स्थानिक बियाण्याची झाडं बरीचशी तगली. पुढे कोणती लागवड कुठल्या बियाण्याची हे पारखायला आधी राळेतल्या टर्पीन रसायनांचा आणि नंतर क्लोरोप्लास्टमधल्या एसएसआरचा उपयोग झाला. (पाइनमध्ये क्लोरोप्लास्ट बापाकडून, म्हणजे परागातून येतं आणि मायटोकाँड्रिया आईकडून. सपुष्प वनस्पतींवर शिकलेल्या माणसाचा इथे हमखास गोंधळ उडतो.) आता नीट बघा, मार्करनं काय सांगितलं? ‘हे झाड पोर्तुगालकडचं.’ त्या झाडाला थंडी सोसत नाही हे मात्र मेलेल्या झाडांनी सांगितलं. ती दुसरी माहिती नसती तर पहिलीचा काही उपयोग नव्हता.

दुसरी अडचण जीनोमच्या, म्हणजे झाडाच्या संपूर्ण डीएनएच्या, आकाराची. अमेरिकेतल्या लोब्लॉली पाइनचा जीनोम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे २२०० कोटी अक्षरं, माणसाच्या सातपट, आणि त्यातला ८२ टक्के भाग पुनरावृत्तीचा. त्यात पाइनचे पराग वाऱ्यावर लांबवर जातात आणि झाडांची संख्या प्रचंड असते. पिढ्यान्‌पिढ्या डीएनएची इतकी सरमिसळ झालेली असते की जंगली पाइनमध्ये एका जागेचा शेजारच्या जागेशी असलेला संबंध काहीशे ते दोनेक हजार अक्षरांतच पुसला जातो. म्हणजे मार्कर जनुकाला अगदी खेटून नसेल तर तो त्या जनुकाबद्दल काहीच सांगत नाही. लोब्लॉलीसाठी ५० हजार एसएनपी (डीएनएत जिथे एकच अक्षर झाडागणिक बदलतं अशा जागा) एकदम तपासणारी चिप निघाली आहे, पण तिच्यातसुद्धा सरासरी ४.४ लाख अक्षरांमागे एक मार्कर पडतो. मग तुमच्या बारा एसएसआरपैकी एखादा दुष्काळाशी संबंधित जनुकाच्या जवळ असण्याची शक्यता किती, हिशेब तुम्हीच करा. संकरातून वाढवलेल्या कुटुंबांत चित्र वेगळं असतं. तिथे डीएनएचे लांबलचक तुकडे एकत्र उतरतात, म्हणून पैदाशीच्या कामात ही चिप चालते. जंगलात चालेलच असं नाही.

मग करायचं काय? जनुकातच बसलेले एसएनपी बघायचे. त्यासाठी एकतर आधीच संशयित जनुकं निवडायची किंवा एक्झोम कॅप्चर वापरून फक्त जनुकांचे भाग वाचायचे, आणि मग त्या ठिकाणच्या तापमानाशी-पावसाशी कोणत्या एसएनपीचं प्रमाण बदलतं ते तपासायचं. इथे एक खड्डा आहे, त्यात भलेभले पडतात. मॅरिटाइम पाइनच्या मोरोक्को, कॉर्सिका आणि फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या झाडांचे वंश फार पूर्वीच वेगळे झालेत. त्यांच्या डीएनएत नुसत्या योगायोगानं साठलेले भरपूर फरक आहेत, आणि हवामानही वेगळं आहेच. दोन्ही समोरासमोर मांडलं की निम्मा जीनोम ‘उष्णतेशी जुळवून घेतलेला’ वाटू लागतो! हा वंशाचा भाग वजा करायला जे मार्कर लागतात ते तटस्थच, म्हणजे झाडाच्या तगण्याशी संबंध नसलेलेच हवेत. तुमच्या एसएसआरची खरी जागा तिथे आहे.

२०१५ साली मॅरिटाइम पाइनवरच झालेलं एक काम मला या विषयात सगळ्यात पटतं. संशोधकांनी वेगवेगळ्या चाळण्या लावून हवामानाशी संबंध दाखवणारे १८ एसएनपी उरवले. त्यातले पाच प्रथिनातलं अमिनो आम्ल बदलणारे. इथवर असं काम बरेच जण करतात. पण ते तिथे थांबले नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणच्या बियांची रोपं एकाच उष्ण, कोरड्या जागी लावली होती, ती किती जगली ते त्यांनी पाहिलं. अशा हवामानात फायद्याची ठरावीत अशी त्या एसएनपींची रूपं ज्या समूहांत जास्त होती, त्यांची रोपं जास्त जगली. मार्करचा अंदाज आणि मातीतला निकाल जुळला. या जुळण्याशिवाय ‘अनुकूलन’ हा शब्द वापरू नये, असं माझं मत आहे. ते कडक आहे आणि सगळ्यांना मान्य नाही.

एखादाच ‘दुष्काळ जनुक’ सापडेल ही आशाही सोडा. बुरशीच्या रोगांबाबत पाइनमध्ये तसं घडतं: शुगर पाइनमध्ये ब्लिस्टर रस्टला रोखणारं एक ठळक जनुक आहे आणि १९९० च्या दशकात आरएपीडी नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या डीएनए मार्करनी त्याचा माग लावला गेला. पाण्याच्या किंवा थंडीच्या ताणात मात्र असंख्य जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. २०१६ मध्ये कॅनडात लॉजपोल पाइन आणि स्प्रूस यांची तुलना झाली. वंश वेगळे होऊन १४ कोटी वर्षं झालेल्या या दोन झाडांत, हवामानाशी जुळवून घेताना दोघांनीही वापरलेली ४७ जनुकं सापडली. ही फक्त सामाईक. एकेकाची वेगळी आणखी कितीतरी.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. कुंडीतल्या रोपाचं पाणी तोडलं की डीहायड्रिनसारखी जनुकं चालू होतात. ही झाली प्रतिक्रिया, कमीजास्त प्रमाणात ती सगळीच रोपं देतात. दोन जंगलांतल्या झाडांत वंशपरंपरेनं आलेला फरक असेल तरच प्रश्न अनुकूलनाचा. आणि जिथे फरक असायलाच हवा असं आपल्याला वाटतं तिथे तो असतोच असंही नाही. पाणी वाहणाऱ्या नळ्यांत हवेचे बुडबुडे अडकून झाड मरतं, ते रोखण्याची क्षमता मॅरिटाइम पाइनच्या कोरड्या आणि ओल्या प्रदेशांतल्या झाडांत जवळपास सारखीच निघाली. म्हणजे गुणधर्म निवडतानाही जपून. पाणी जपून वापरण्याची क्षमता मोजायची असेल तर सुयांमधलं किंवा लाकडातलं कार्बन-१३ चं प्रमाण हा रुळलेला मार्ग आहे.

आता तुमच्या प्रकल्पाकडे. सुयांऐवजी, किंवा सुयांबरोबर, बिया आणा. दुकानात मिळणारा चिलगोजा सोलून उभा चिरा: पांढरा गर म्हणजे मेगागॅमेटोफाइट आणि त्याच्या मधोमध काडीसारखा बारीक भ्रूण. भ्रूणात आईबाप दोघांचा डीएनए. गरात फक्त आईचा, तोही एकेरी. चिडाचं बी लहान असतं, पण रचना हीच. रात्रभर भिजत घालायचं, ब्लेडनं चिरायचं, चिमट्यानं भ्रूण उचलून बाजूला काढायचा. गराचा फायदा असा की एकेरी डीएनएत कुठल्याही जागी एकच अक्षर दिसायला हवं. दोन दिसली तर तो खरा एसएनपी नव्हे, जनुकाच्या दोन प्रती एकमेकींत मिसळल्या आहेत. पाइनमध्ये अशा प्रती बक्कळ असतात, त्यामुळे ही फुकटात मिळणारी चाचणी सोडू नका. शिवाय सुयांतून डीएनए काढताना राळ, फिनॉल आणि चिकट शर्करा मिळून ट्यूबमध्ये जो तपकिरी शेंबूड तयार होतो, तो त्रास गरात बराच कमी.

एमएस्सीच्या वेळात वेगवेगळ्या ठिकाणची रोपं एका जागी लावून निकाल पाहणं शक्य नाही. म्हणून शीर्षकातला ‘अनुकूलन’ काढा आणि ‘जनुकीय विविधता व समूहरचना’ लिहा, त्याला एसएसआर पुरेसे आहेत. ठिकाणं तीन-चार न ठेवता जमतील तितकी वाढवा, दर ठिकाणी पंचवीस-तीस झाडं, एकमेकांपासून लांबची, म्हणजे भावंडंच हाती लागणार नाहीत. राळ काढलेली झाडं नोंदवून ठेवा. पुढे पीएचडी करायचा विचार असेल तर थोड्या बियांची रोपं आताच एखाद्या रोपवाटिकेत करून ठेवा, दोनतीन वर्षांनी तीच सोन्याच्या मोलाची ठरतील. आणि बिया एकत्र एका गोणीत भरू नका. झाडागणिक वेगळी कागदी पिशवी, तिच्यावर झाडाचा क्रमांक, उंची आणि जीपीएस. एकदा मिसळल्या की कोणत्या बीची आई कोण हे कायमचं गेलं.