वाचकांचे प्रश्न : चार रिमोटांच्या जागी एक

प्रश्न : साताऱ्याच्या आमच्या घरात टीव्ही, डीटीएचचा सेट-टॉप बॉक्स, साउंडबार आणि फायर टीव्ही स्टिक अशी चार उपकरणे असून प्रत्येकाचा रिमोट वेगळा आहे. आई-वडील दोघेही सत्तरी ओलांडलेले आहेत आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. चुकून सोर्सचे बटण दाबले गेले की पडद्यावर ‘नो सिग्नल’ येते, ऐन मालिकेच्या वेळी सगळे अडते आणि मला फोन येतो. एखादा चांगला युनिव्हर्सल रिमोट घेऊन द्यावा असा विचार आहे. कोणता घ्यावा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : रिमोट विकत घेण्याआधी आपण एकदा साताऱ्याला जाऊन, आई-वडील दिवसभरात प्रत्यक्ष कोणकोणती बटणे दाबतात ते कागदावर लिहून काढावे, अशी माझी विनंती आहे. टीव्ही चालू-बंद करणे, आवाज कमी-जास्त करणे, चॅनेल बदलणे, अधूनमधून स्टिकवर जाणे आणि तेथून परत येणे, यापलीकडे ही यादी बहुतेक घरांत जात नाही. यातली बरीचशी बटणे ज्याच्यावर आहेत आणि उरलेली ज्याला शिकवता येतात, असा रिमोट आपल्या घरात बहुधा आधीपासूनच आहे, आणि तो म्हणजे सेट-टॉप बॉक्सचा. आई-वडिलांच्या बोटांना त्याच्या बटणांची सवयही झालेली असते. त्यामुळे बाजारातला नवा रिमोट हा मी शेवटचा उपाय मानतो.

सुरुवात साउंडबारच्या जोडणीपासून करावी, कारण निम्मा गोंधळ तेथेच असतो. बऱ्याच घरांत साउंडबार टीव्हीला ऑप्टिकल वायरने किंवा ब्लूटूथने जोडलेला असतो. ऑप्टिकल वायरीतून फक्त ध्वनी जातो, आवाज वाढवण्या-कमी करण्याचा हुकूम जात नाही, म्हणून साउंडबारचा वेगळा रिमोट हाताशी ठेवावा लागतो. टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय खाचेजवळ ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ अशी अक्षरे छापलेली असतात, त्या खाचेतून साउंडबारच्या तशाच खाचेत एचडीएमआय केबल टाकली की ध्वनी आणि हुकूम दोन्ही एकाच केबलमधून जाऊ लागतात. एआरसीची ही सोय २००९ साली एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीत आली, त्यामुळे गेल्या काही वर्षांत घेतलेल्या टीव्हीत ती बहुधा असतेच.

हे हुकूम ज्या सोयीमुळे एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे जातात तिला सीईसी म्हणतात, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती सापडत नाही याचे मुख्य कारण असे की प्रत्येक कंपनीने तिचे वेगळे बारसे केले आहे. सॅमसंगच्या टीव्हीत तिला एनीनेट प्लस, एलजीच्या टीव्हीत सिमप्लिंक, सोनीच्या टीव्हीत ब्राव्हिया सिंक, तर फिलिप्सच्या टीव्हीत ईझीलिंक म्हणतात. टीव्हीमध्ये, साउंडबारमध्ये आणि फायर टीव्ही स्टिकमध्ये अशी तिन्ही ठिकाणी ती चालू असावी लागते. त्यानंतर टीव्ही सुरू केला की साउंडबार आपोआप सुरू होतो, टीव्हीच्या रिमोटवरचे आवाजाचे बटण साउंडबारला लागू पडते, आणि स्टिकच्या रिमोटवरचे घराच्या चित्राचे बटण दाबले की टीव्ही स्वतःहून स्टिकच्या इनपुटवर जातो. साउंडबारचा रिमोट या टप्प्यावर कपाटात ठेवून देता येतो, मात्र त्यातले सेल काढून ठेवावेत, कारण वापरात नसलेल्या रिमोटमध्ये सेल पाझरून स्प्रिंगा गंजतात.

यानंतर सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटकडे वळावे. साधे सेट-टॉप बॉक्स सीईसीला सहसा दाद देत नाहीत, पण त्यांच्या रिमोटवर वरच्या किंवा खालच्या बाजूला चौकटीत वेगळी काढलेली चार-पाच बटणे असतात. टीव्हीचे पॉवर, आवाज कमी, आवाज जास्त आणि सोर्स ही ती बटणे. ती कोरी असतात, त्यांना टीव्हीच्या रिमोटकडून शिकवावे लागते, आणि बॉक्स बसवायला येणारा माणूस घाईत असला की हे काम राहून जाते. कोणते बटण किती वेळ दाबून धरायचे हे रिमोटगणिक बदलते आणि ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते, तरी मूळ रीत एकच आहे. दोन्ही रिमोट टेबलावर आडवे ठेवून त्यांची तोंडे समोरासमोर, दोन-तीन बोटांच्या अंतरावर आणावीत. सेट-टॉप बॉक्सचा रिमोट शिकण्याच्या अवस्थेत नेला की त्यावरचा लाल दिवा स्थिर लागतो. मग जे बटण शिकवायचे ते त्याच्यावर दाबावे आणि लगेच टीव्हीच्या रिमोटवरचे तेच बटण दाबावे. दिवा लुकलुकला की संकेत पोहोचला असे समजावे. दोन्ही रिमोटांत नवे पेन्सिल सेल घालूनच हे काम करावे आणि खिडकीतून येणारे ऊन टेबलावर पडत नाही ना, ते पाहावे, कारण रिमोट ज्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी संकेत पाठवतो ते उन्हातही असतात आणि त्यांनी शिकवणी बिघडते.

येथे एक निवड करावी लागते. आवाजाची दोन बटणे टीव्हीच्या रिमोटवरून शिकवावीत की साउंडबारच्या? साउंडबारवरून शिकवली तर हुकूम थेट जातो आणि आवाज चटकन बदलतो, पण साउंडबार कधी बंद राहिला आणि ध्वनी टीव्हीतून येऊ लागला की तीच बटणे मुकी होतात. टीव्हीवरून शिकवली तर साउंडबार चालू असो वा नसो, बटण कामच करते. घरात ज्येष्ठ माणसे एकटी असताना दुसरा मार्ग बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ‘नो सिग्नल’बद्दल. स्टिकवरून परत सेट-टॉप बॉक्सवर यायला सोर्सचे बटण लागतेच, त्यामुळे ते शिकवणे टाळता येत नाही. काही टीव्हींवर सोर्स पुन्हा पुन्हा दाबले की यादीतली खूण पुढे सरकते आणि आपण क्षणभर थांबलो की ते इनपुट आपोआप निवडले जाते. इतर टीव्हींवर मात्र बाणाने खाली येऊन ‘ओके’ दाबावे लागते, आणि सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवरचे बाण व ‘ओके’ टीव्हीला लागू नसल्याने माणूस नेमका येथे अडकतो. आपला टीव्ही कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी पाहून घ्यावे. दुसऱ्या प्रकारचा असेल आणि रिमोटवर शिकवण्याजोगी जादा बटणे नसतील, तर सर्व बटणे शिकू शकणारा वेगळा रिमोट घेणे योग्य ठरते. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असे रिमोट मिळतात. दुकानात जाताना घरातले सगळे रिमोट बरोबर न्यावेत आणि दोन-चार बटणे तेथेच शिकवून पाहावीत. शिवाय टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘एचडीएमआय १’ अशा नावाऐवजी ‘सेट-टॉप बॉक्स’ असे नाव देता येते, तेही द्यावे. अनेक स्मार्ट टीव्हींमध्ये चालू होताना मुख्य पडद्याऐवजी शेवटचे वापरलेले इनपुट उघडावे अशी सोय असते. तिने रोजचा एक टप्पा वाचतो.

राहिला स्टिकचा रिमोट. तो स्टिकशी ब्लूटूथने बोलतो, त्यामुळे त्याची बटणे अवरक्त रिमोटला शिकवता येत नाहीत. तो वेगळाच राहू द्यावा. चाराचे दोन झाले आणि त्यातला एक क्वचितच हातात घ्यावा लागला, तर आपले काम साधले असे मी म्हणेन. त्या दुसऱ्या रिमोटवर पॉवर आणि आवाजाची बटणे असतील, तर स्टिकच्या सेटिंगमधील इक्विपमेंट कंट्रोल या भागात जाऊन आपल्या टीव्हीची नोंद करावी, म्हणजे चित्रपट पाहताना आवाजासाठी पहिला रिमोट शोधावा लागत नाही. ‘लाइट’ या स्वस्त प्रकारच्या स्टिकबरोबर येणाऱ्या रिमोटवर ही बटणेच नसतात.

प्रश्न : आमच्या स्मार्ट टीव्हीचा रिमोट हरवल्यावर दुकानदाराने त्याच कंपनीला चालणारा एक साधा रिमोट दिला. टीव्ही चालू-बंद होतो, आवाजही बदलतो, परंतु बोलून शोधण्याचे बटण आणि पडद्यावर फिरणारा बाण चालत नाही. रिमोट सदोष आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रिमोटमध्ये दोष नाही. मूळ रिमोट दोन मार्गांनी बोलतो. चालू-बंद करण्यासारखे साधे संकेत टीव्हीला अवरक्त किरणांनीही कळतात, तर बोललेला आवाज आणि फिरणारा बाण यांसाठी ब्लूटूथसारखा रेडिओ दुवा लागतो. साध्या रिमोटमध्ये फक्त पहिला मार्ग असतो. दुसरी सोय हवी असल्यास आपल्या टीव्हीच्या मॉडेल क्रमांकाला लागू पडणारा ब्लूटूथ रिमोट घेऊन तो टीव्हीशी जोडून घ्यावा लागेल. तोवर अनेक कंपन्यांच्या मोबाइल ॲपवरून, फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असताना, अक्षरे टाइप करून शोध घेता येतो.

कोणताही अवरक्त रिमोट किरण सोडतो की नाही, याची परीक्षा घरी करता येते. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. डोळ्यांना काही दिसत नसले, तरी मोबाइलच्या पडद्यावर त्या काळ्या टोकात जांभळट पांढरा ठिपका लुकलुकताना दिसतो. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात हे किरण गाळले जातात, म्हणून ठिपका न दिसल्यास सेल्फीच्या कॅमेऱ्याने पाहून मगच रिमोट बिघडल्याचे ठरवावे.

प्रश्न : नव्या फर्निचरमध्ये सुताराने सेट-टॉप बॉक्स दाराआड बसवला आहे. दार उघडे ठेवल्याशिवाय रिमोट चालत नाही. शिवाय टीव्हीबरोबर एसीसुद्धा एकाच रिमोटवर घेता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अवरक्त किरण लाकडातून आरपार जात नाहीत. यावर स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे आयआर रिपीटर, म्हणजे अवरक्त संकेत बाहेर पकडून आत पुन्हा सोडणारे छोटे साधन. त्याचा बारीक डोळा टीव्हीखाली बाहेर चिकटवतात आणि वायरीच्या टोकाचा छोटा दिवा आत बॉक्सच्या समोर लावतात. सुतार काम करत असतानाच वायर जाण्यापुरते भोक पाडून घेतलेले बरे, आणि बॉक्स तापत असल्याने त्याच भिंतीत हवेसाठीही वाट ठेवावी.

एसीची गोष्ट निराळी आहे. टीव्हीचा रिमोट आवाज वाढवताना ‘एक पायरी वर’ एवढेच सांगतो. एसीचा रिमोट मात्र प्रत्येक वेळी तापमान, पंख्याचा वेग, कूल की ड्राय, टायमर अशी सगळी स्थिती एकाच लांब संकेतात पाठवतो, आणि म्हणूनच त्याला स्वतःचा छोटा पडदा असतो. शिकणाऱ्या रिमोटच्या एका बटणात ‘२५ अंश, कूल, मध्यम पंखा’ अशी एकच अवस्था साठवता येते. तेथून पुढे एकेक अंश वर-खाली करता येत नाही. मुळात टीव्हींचेही संकेत एकसारखे नाहीत. जपानच्या एनईसीची पद्धत सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणाऱ्या किरणांवर बेतलेली आहे, फिलिप्सची आरसी-५ ही ३६ हजारांवर, तर सोनीची ४० हजारांवर. या भिन्न भाषा एका यंत्रात भरून ठेवता येतात, म्हणूनच युनिव्हर्सल रिमोट शक्य होतो, पण एसीसाठी त्यात त्या कंपनीची पूर्ण संकेतावली असावी लागते. आपल्या फोनच्या वरच्या कडेला अवरक्त दिवा असेल, जसा शाओमीच्या अनेक फोनमध्ये असतो, तर त्याच्या ॲपमध्ये बहुधा आपला एसी सापडेल. वायफायवर चालणारे छोटे आयआर हब, म्हणजे फोनवरून हुकूम घेऊन खोलीत अवरक्त संकेत सोडणाऱ्या डब्या, हेही हे काम करतात. ते बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात, हे जोडताना लक्षात ठेवावे. हब दाराआडच्या बॉक्सला दिसणार नाही, म्हणून रिपीटर तरीही लागेलच.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. आमच्याकडचा लॉजिटेक हार्मनी रिमोट अजून उत्तम चालतो. ‘टीव्ही पाहा’ एवढे एक बटण दाबले की सगळे लागते. तसाच वापरलेला रिमोट घेऊन नाशिकला सासऱ्यांना द्यावा का?
– एक वाचक

उत्तर : न द्यावा. हार्मनीचे कौतुक रास्तच आहे. पॉवरचे बटण बहुतेक उपकरणांत चालू आणि बंद दोन्हींसाठी एकच असते, त्यामुळे साध्या रिमोटने एका दाबात तीन उपकरणे लावू पाहिली आणि त्यातले एक आधीच चालू असले, की ते नेमके बंद होते. कोणते उपकरण शेवटी कोणत्या अवस्थेत सोडले याची नोंद हार्मनी ठेवतो, आणि नोंद चुकली तर ‘हेल्प’ बटण दाबून प्रश्नोत्तरांनी ती दुरुस्त करतो. पण लॉजिटेकने एप्रिल २०२१ मध्ये या रिमोटांचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले, आणि नवे उपकरण जोडायचे झाल्यास कंपनीच्या संगणकाशी व खात्याशी संपर्क लागतो. आपल्या घरी आहे तोवर तो आनंदाने वापरावा, मात्र नाशिकला दिल्यास सासऱ्यांनी सेट-टॉप बॉक्स बदलला की त्याची नव्याने जुळणी आपल्यालाच दूरवरून करावी लागेल. शिवाय भिंतीवरचे बटण रात्री बंद करण्याची पद्धत त्यांच्याकडे असेल, तर सकाळी उपकरणांची खरी अवस्था आणि रिमोटमधली नोंद यांत रोजच तफावत पडेल. त्यांच्यासाठी पहिल्या उत्तरात सांगितलेली जुळणी करावी. त्यांच्या सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटचा फोटो मागवून त्यावर शिकवण्याची बटणे आहेत का, हे आपल्याला तेथूनच पाहता येईल, आणि प्रत्यक्ष शिकवण्यासाठी बॉक्सच्या कंपनीचा माणूस किंवा शेजारचा एखादा मुलगा पुरेसा आहे.