प्रशिक्षकाचा विश्रांतीकाळ कोण आखणार?

सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षकांचे पत्र (संक्षिप्त): माझी मुलगी 29 वर्षांची आहे. बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकपदाचा डिप्लोमा करून ती अ‍ॅथलेटिक्सची प्रशिक्षक झाली. पहाटे मैदान, दिवसा शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षिका, संध्याकाळी पुन्हा दोन बॅच. काही महिन्यांपासून ती पालकांचे फोन घेत नाही, तिला नीट झोप लागत नाही, मुलांवर विनाकारण चिडते. तिच्या खेळाडूने राज्यस्तरावर पदक मिळवले, तर ‘त्यात माझे काय’ म्हणाली. कर्ज काढून स्वतःची अकादमी काढू म्हटले, तर उठून निघून गेली. माजी खेळाडू असूनही ती इतकी कच्ची कशी पडली? प्रेरणा वाढवणारा एखादा अभ्यासक्रम किंवा पुढची परीक्षा सुचवावी.

उत्तर: आपले पत्र वाचून मुलीपेक्षा आपल्याविषयी अधिक काळजी वाटली, हे आरंभीच सांगणे योग्य होईल. तिचे वेळापत्रक आपण अचूक लिहिले आहे, तिची झोप उडाल्याचेही आपल्या लक्षात आले आहे, आणि तरीही त्यातून आपण काढलेला निष्कर्ष ‘कच्ची पडली’ एवढाच आहे. मैदानावर पालक तिच्याकडे पदके मागतात. दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि नोकरीतील 5 टक्के खेळाडू आरक्षण डोळ्यांसमोर असल्याने प्रमाणपत्रासाठी त्यांचा धीर सुटलेला असतो. घरी आल्यावर आपण तिच्याकडे अकादमी मागता. दिवसभरात तिच्याकडून काहीही न मागणारे माणूस तिला भेटते का, याचा उल्लेख पत्रात कोठेही नाही.

प्रेरणेचा अभ्यासक्रम मी सुचवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ती 2022 पासून लागू झाली, तिच्यात बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून आहे. तिची लक्षणे तीन: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही साध्य होत नाही असे वाटणे. न लागणारी झोप, न उचललेले फोन आणि ‘त्यात माझे काय’ या आपणच लिहिलेल्या गोष्टी त्यांच्याशी ताडून पाहाव्यात.

आता ‘माजी खेळाडू असूनही’ या गैरसमजाविषयी. खेळाडूच्या वर्षाचे तयारीचा, स्पर्धेचा आणि विश्रांतीचा असे कालखंड पाडलेले असतात आणि त्यातील विश्रांतीचा काळ प्रशिक्षकच आखतो; त्याचा स्वतःचा मात्र कोणीच आखत नाही. शालेय स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत चालतात, त्या संपेपर्यंत संघटनांच्या निवड चाचण्या येतात, आणि मुले परीक्षेतून मोकळी झाली की उन्हाळी शिबिरे भरतात, जो प्रशिक्षकाच्या कमाईचा मुख्य हंगाम असतो. शिवाय खेळाडू स्वतःच्या शर्यतीपुरता ताण घेतो, तर प्रशिक्षक तीस-चाळीस मुलांच्या शर्यती, दुखापती आणि पालक मनात वागवतो, आणि शर्यत सुरू झाल्यावर त्याच्या हातात काहीच नसते. पळण्याचा दमसास या थकव्याला उपयोगी पडत नाही. जर्मन फुटबॉल प्रशिक्षक राल्फ रांगनिक यांनी सप्टेंबर 2011 मध्ये थकव्याचे कारण उघडपणे सांगून शाल्के क्लबचे पद सोडले आणि 2012 मध्ये ते फुटबॉलमध्ये क्रीडा संचालक म्हणून परतले. त्यांना कोणी कच्चे म्हटले असेल, तर त्याने त्यांचे काही बिघडले नाही.

परीक्षांचे म्हणाल, तर एम.पी.एड. किंवा क्रीडा अधिकारी पदाची तयारी पुढेही करता येईल. आज ती तिच्यावर लादणे म्हणजे चौथी बॅच सुरू करणे होय.

सध्या काम कमी करणे हाच मार्ग आहे. संध्याकाळची एक बॅच तिच्याच एखाद्या ज्येष्ठ खेळाडूकडे मानधनावर सोपवावी आणि तेवढी घटलेली मिळकत काही महिने घराने सोसावी. आपण निवृत्तिवेतनधारक आहात; कर्जाचा हप्ता भरण्याची तयारी असेल, तर हेही जमेल. पालकांची एक बैठक घेऊन फोनची ठराविक वेळ आणि निवडीचे निकष तिने लेखी द्यावेत. आठवड्यातून एक दिवस मैदान पूर्ण बंद असावे, आणि त्या दिवशी घरात खेळाचा विषय निघू नये. हे शेवटचे पथ्य मुख्यतः आपल्यासाठी आहे. झोप आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल, तर डॉक्टरांना दाखवण्यास विलंब करू नये. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य मिळते. एवढे करूनही तिला प्रशिक्षण सोडावेसे वाटले, तर तो निर्णय तिचा असेल, आणि तो थकव्याच्या भरात घेतलेला नसेल.

अकादमीचा प्रस्ताव मागे घेतल्याचे तिला आजच सांगावे. ‘सध्यापुरता’ हा शब्द त्याला जोडू नये.