अँबेसेडरच्या कार्बोरेटरखाली रोज सकाळी पेट्रोलचा डाग दिसतो, नीडल दोनदा बदलली तरी थांबत नाही. काय तपासू?

तुमच्या प्रश्नात उत्तराचा धागा आहेच. तुम्ही लिहिलंय की गाडी चालू असताना काही दिसत नाही, रात्रभर उभी राहिली की डाग पडतो आणि सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. म्हणजे फ्लोट चेंबर, कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी छोटी वाटी, रात्रीतून रिकामं होतंय. यात नीडलचा, म्हणजे चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईचा, दोष मला दिसत नाही.

मेकॅनिकल पंप इंजिन फिरतं तेव्हाच पेट्रोल ढकलतो. नीडल नीट बसत नसेल तर कार्ब गाडी चालू असतानाच ‘ओव्हर’ होतं आणि झाकणाच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल वाहतं. इंजिन बंद झाल्यावर तासन्‌तास ठिबकतं ते चेंबरमधल्या पातळीच्या खालून कुठूनतरी. म्हणून आधी *कधी* गळतं ते बघायचं, मग पाना हातात घ्यायचा.

तुमच्या एसयू एचएस 2 कार्बोरेटरमध्ये पातळीच्या खाली संशयाची जागा एकच: चेंबरच्या तळातून जेटकडे (जिथून पेट्रोल हवेत मिसळतं ते तोंड) जाणारी बारीक नायलॉनची नळी. चेंबरकडच्या टोकाला नट, वॉशर आणि छोटा रबर असतो. माझ्या मार्क टू अँबेसेडरला अगदी हाच त्रास होता. दोन गॅरेजांनी नीडल आणि झाकणाचं गॅस्केट बदललं, त्या नटाला कुणी हात लावला नाही. शेवटी मी कार्ब कोरडं पुसून सगळीकडे खडूची पूड भुरभुरली. अर्ध्या तासात त्या नटाखाली ओली रेघ उमटली. रबर दगडासारखा कडक झाला होता. आता पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात जुना रबर फार टिकत नाही. नवीन घेताना व्हायटॉनचा, म्हणजे अशा पेट्रोलात टिकणाऱ्या रबराचा मागा.

बसवताना घाई करू नका. नळीवर आधी नट, मग वॉशर, मग रबर. रबराच्या पुढे नळीचं टोक निदान 5 मिलिमीटर बाहेर राहिलं पाहिजे, नाहीतर ती निसटते. नट हाताने लावून मग पान्याने थोडाच आवळा. जोर लावला की रबर चेपतो आणि पुन्हा गळती सुरू. नळी जिथे जेटच्या डोक्यात शिरते तिथे चीर असेल तर जेट नळीसकट बदलावा लागेल. तिथे चिकटवाचिकटवी करू नका.

पूड जेटच्या बुडाशी ओली झाली, तर मात्र लगेच जेटला दोष देऊ नका. एचएसमध्ये जेटभोवती सील नसतंच, तो बेअरिंगमध्ये नुसता सरकतो. पातळी वर चढली की पेट्रोल तिथून पाझरतं. अशा वेळी फ्लोट, म्हणजे पातळीबरोबर वर-खाली होऊन नीडल बंद करणारा तरंगता भाग, काढून कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो बाद. मग झाकण उलटं धरा. नीडल बंद असताना फ्लोटची पट्टी आणि झाकणाची कड यांत 3.2 मिलिमीटर, म्हणजे एक अष्टमांश इंच अंतर हवं. त्या मापाच्या ड्रिल बिटचा दांडा तिथे जेमतेम सरकला पाहिजे. कमी-जास्त असेल तर धातूची पट्टी हलकेच वाकवा. फ्लोट अखंड प्लास्टिकचा असेल तर नीडलच्या सीटखाली (ती जिथे बसते तिथे) वॉशर घालून जुळवा.

हे होईपर्यंत गाडी कृपया बाहेर काढू नका. अँबेसेडरच्या बी-सीरिज इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, म्हणजे कार्बच्या खाली तापलेला मॅनिफोल्ड असतो. कामाआधी बॅटरीची वायर काढा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि अग्निशामक जवळ ठेवा.

पुण्यात असाल तर रबर आणि वॉशरसाठी नाना पेठेत विचारा. जुना तुकडा सोबत न्या, मापाने जुळवून देतील. बसवल्यावर इंजिन पाच मिनिटं चालवा, बंद करा, खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवा. सकाळी कागद कुठे ओला दिसला ते इथे लिहा, पुढचं आपण बघू.