'बॅड फेथ'ला मराठीत काय म्हणावं?

अस्तित्ववादावरच्या (माणूस आपल्या निवडीतून घडतो आणि त्याची जबाबदारी त्याचीच, असं मानणाऱ्या विचारावरच्या) लेखाचं भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे, 'बॅड फेथ' (तत्त्वज्ञानात, स्वतःच स्वतःला फसवणं) या शब्दासाठी 'अप्रामाणिकपणा', 'दंभ' आणि 'दुर्विश्वास' यांतला कोणता शब्द बरोबर?

मला तिन्ही अडचणीचे वाटतात. मूळ शब्द फ्रेंच, 'मोव्हेझ फ्वा'. फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्रने १९४३ मध्ये आलेल्या 'बीइंग अँड नथिंगनेस'मध्ये त्याला तत्त्वज्ञानात जागा दिली, पण फ्रेंचांच्या बोलण्यात तो रोजचाच. वादात मुद्दा कळूनही न कळल्यासारखं करणाऱ्याबद्दल तो सर्रास वापरतात. याच्या उलट 'बोन फ्वा'. आपल्या कायद्याच्या मराठीत त्याला 'सद्भाव' म्हणतात. मग 'दुर्भाव' का नको? त्यात दुसऱ्याविषयीचं वाईट मन आहे, आणि सार्त्रच्या अर्थात दुसरा कुणी नाहीच.

सार्त्रचा सगळा भर यावरच आहे. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं, ते तो समोरच्यापासून लपवतो. 'मोव्हेझ फ्वा'मध्ये लपवणारा आणि ज्याच्यापासून लपवायचं तो, एकच. त्यामुळे 'अप्रामाणिकपणा' आणि 'दंभ' बाद होतात.

आपण म्हणजे फक्त वेटरच, असं वागणाऱ्या कॅफेतल्या वेटरचं सार्त्रचं उदाहरण सगळेच देतात. त्याच पुस्तकातलं दुसरं मला जास्त बोलकं वाटतं. एक स्त्री एका पुरुषाला पहिल्यांदाच भेटायला आली आहे. बोलता बोलता तो तिचा हात हातात घेतो. हात काढून घेतला तर नकार, राहू दिला तर होकार. ती हात तिथेच ठेवते, पण तो तिथे आहे हे तिच्या 'लक्षातच येत नाही'. ती जीवनाविषयी उदात्त काहीतरी बोलत राहते. हात एखाद्या वस्तूसारखा पडून असतो. निर्णय तर झालेला आहे, फक्त तो आपण घेतला हे तिला मान्य करायचं नाही.

'आत्मवंचना' हा शब्द इथे बराच जवळ जातो, आणि रूढही आहे. पण त्यात 'फ्वा', म्हणजे विश्वास, हरवतो. सार्त्रच्या मते ही एक प्रकारची श्रद्धाच आहे, अपुऱ्या पुराव्यावर समाधान मानायचं आधीच ठरवून बसलेली. 'दुर्विश्वास'मध्ये विश्वास आहे, पण तो कुणी मुद्दाम ठेवला हे नाही.

या दोन्ही गोष्टी एकत्र असलेला शब्द मराठीत आहे: 'समजूत'. 'माझी समजूत होती' म्हणताना ती धारणा, आणि 'समजूत घालणे' म्हणताना ती कृती. घरात कुणी गेल्यावर घातलेली समजूत निर्मळ असते, म्हणून मागे 'खोटी' हवंच. 'मनाची खोटी समजूत' म्हटलं की ती घालणाराही आपोआप आला आणि त्याची जबाबदारीही.

ती जबाबदारी झटकायला आपलं व्याकरणही मदत करतं, हे जाता जाता सांगतो. 'मी सही केली' आणि 'मला सही करावी लागली'. दुसऱ्या वाक्यात 'मी'चा 'मला' झाला आणि करणारा नुसता सोसणारा उरला. कधी ते अगदी खरं असतं. पण निवड असताना 'लागली' म्हटलं, तर सार्त्रला जे दाखवायचं होतं ते या एका क्रियापदात दिसतं.

तर भाषांतरात पारिभाषिक शब्द म्हणून 'आत्मवंचना' ठेवा, आणि तो पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे मनाची खोटी समजूत घालणं' एवढं जोडा.