दुधी शीट, ‘ट्रान्स’ आणि हरवलेला निम्मा प्रकाश

माहितीपत्रकात ५० टक्के पारगमन छापलेली दुधी पॉलिकार्बोनेट शीट रेडियन्स या प्रकाशगणनेच्या संगणकीय कार्यक्रमात त्याच्याही निम्माच प्रकाश आत सोडते, ही आपली अडचण माझ्या चांगल्या परिचयाची आहे. आपण ‘ट्रान्स’मध्ये, म्हणजे अर्धपारदर्शक पदार्थाचे सात आकड्यांत वर्णन करणाऱ्या रेडियन्सच्या प्रकारात, रंगाच्या तिन्ही जागी ०.५ आणि सहाव्या जागी पुन्हा ०.५ भरले आहे. सहावा आकडा म्हणजे पारगमन नव्हे. शोषले न गेलेल्या विसरित (सर्व दिशांना विखुरलेल्या) प्रकाशापैकी किती वाटा पलीकडे जातो, एवढेच तो सांगतो. पृष्ठीय चकाकी (चौथा आकडा) ०.०४ धरली तर आपल्या शीटमधून ०.५ × ०.९६ × ०.५ म्हणजे ०.२४ एवढाच प्रकाश पार होतो.

विसरित परावर्तन ०.३० असेल, तर सहावा आकडा ०.५ ÷ (०.३ + ०.५) = ०.६२५ आणि रंग ०.३ ÷ (०.९६ × ०.३७५) = ०.८३३ येतो. सातवा आकडा, म्हणजे पार गेलेल्या प्रकाशातला न विखुरता सरळ जाणारा वाटा, शून्य ठेवा. मात्र शीटमधून दिव्याचा आकार स्पष्ट दिसत असेल, तर तो शून्य धरता येणार नाही.

खरी अडचण त्या ०.३०ची आहे. आमच्या पुरवठादाराच्या तांत्रिक विभागाकडे परावर्तनाचा आकडा वारंवार मागूनही प्रत्येक वेळी ‘हेझ’ची टक्केवारीच हाती पडली आणि त्यात छताचा निर्णय कितीतरी लांबला. हेझ म्हणजे मूळ दिशेपासून अडीच अंशांहून अधिक वळलेल्या प्रकाशाचा वाटा. हेझ मोजण्याची एएसटीएम डी १००३ ही प्रमाणित चाचणी मुळातच ३० टक्क्यांपर्यंतच्या हेझसाठी आहे, त्यामुळे दुधी शीटबाबत ती टक्केवारी देणे म्हणजे प्रश्न टाळणेच होय. मी प्रयोगशाळेतला माणूस नाही, तरी माझे मत ठाम आहे: परावर्तन न सांगणाऱ्याची शीट गणनेत घेऊ नये. अगदीच नाइलाज असेल, तर शीटमागे काळे मखमल लावून, शेजारी १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे ग्रे कार्ड ठेवून, दोन्हींवर सारखाच प्रकाश पडेल आणि चकाकी टळेल अशा कोनातून ल्युमिनन्स मीटरने (पृष्ठाची उजळता मोजणाऱ्या उपकरणाने) तुलना करावी. हा अंदाज आहे, प्रमाणपत्र नव्हे.

शीटला जाडी देऊन दोन पृष्ठे काढली असतील, तर एक पृष्ठ काढून टाका, कारण ‘ट्रान्स’ एकाच पृष्ठात संपूर्ण शीट गृहीत धरते; दोन पृष्ठांमुळे प्रकाश दोनदा कापला जातो. शीट प्रिझमॅटिक असेल, तर मात्र हे सारे सोडून द्या आणि मोजलेला किंवा रेडियन्समधल्या जेनबीएसडीएफने काढलेला बीएसडीएफ (कोणत्या दिशेने आलेला प्रकाश कोणत्या दिशेला किती जातो याचा तक्ता) वापरा. दिशेनुसार बदलणारे विखुरणे या सात आकड्यांत मावत नाही.