परदेशातल्या स्वस्त स्पर्धेमुळे उच्चशिक्षितांचे पगार खरंच कमी होतात का?

होतात, पण सरसकट नाही. ज्यांचं काम संगणकावरून परदेशी पाठवता येतं आणि ज्याला मूळ देशातल्या परवान्याची अट नाही, त्यांना मुख्य फटका बसतो. अमेरिकेतली हॉस्पिटलं बघा. डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेल्या नोंदी टाइप करण्याचं काम (मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन) ओळीच्या दराने चालायचं. १९९० च्या दशकात ते भारतात येऊ लागलं आणि तिकडच्या दरावर दबाव आला. एक्स-रे, सीटी स्कॅनही तितक्याच सहज पाठवता येतात, त्यामुळे आता रेडिओलॉजिस्टच्या पोटावर पाय येणार अशी भीती २००० नंतर बरीच होती. तसं झालं नाही. अंतिम रिपोर्टवर सही करायला संबंधित राज्याचा परवाना लागतो, शिवाय देशाबाहेर बसून दिलेल्या रिपोर्टचे पैसे मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची तिथली सरकारी आरोग्य विमा योजना) देत नाही. नुसत्या जास्त शिक्षणाने पगार टिकतो, हे म्हणूनच मला पटत नाही. मात्र ट्रान्स्क्रिप्शनचं सगळं खापर भारतावर फोडणंही चूक आहे: बोललेलं आपोआप टाइप करणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा इथल्या टायपिस्टांचंही बरंचसं काम गेलं.